टीव्हीचा चौथा दिवा

बोंडवाचा वास काही जणांना आवडतो आणि काही जणांचं त्याने डोकं धरतं. आमच्या ह्यांचं धरतं. मार्च लागला की नार्व्यातल्या आमच्या शेजारीणबाई सकाळीच पायरीवर बादलीभर काजूची बोंडं आणून ठेवतात. पिवळी, तांबडी, काही पडून फुटलेली. हे आंघोळीला जाताजाता नाकाला पंचा लावतात आणि म्हणतात, "ते आधी मागल्या दारी ने." मी लगेच नेत नाही. थोडा वेळ तिथेच उभी राहते. गोड, तुरट आणि किंचित आंबूस असा तो वास नाकात शिरला की मी नार्व्यातून उठून थेट कोरगावला, माहेरी जाते. ह्या वासाने लोकांना हुर्राक, ती काजूची पहिल्या धारेची दारू, आठवते, बोंडांच्या ताज्या रसाचा, निऱ्याचा, थंड पेला आठवतो, शाळेला दांडी मारून बिया गोळा केलेल्या आठवतात. मला मात्र एक टीव्ही आठवतो. पाठ उघडी टाकलेला, दाराएवढा, आणि त्याच्या पोटात कमरेपर्यंत शिरलेला शाणू.

हसू नका. एकेकाच्या नशिबी एकेक आठवण असते.

तो टीव्ही माझ्या थोरल्या भावाने मस्कतहून पाठवला होता. दादा तिथे एका हॉटेलात कामाला. हॉटेलने खोल्यांतले जुने टीव्ही काढून भिंतीला चिकटणारे नवे लावले, तेव्हा जुन्यांतला एक दादाने मागून घेतला आणि आमच्याकडे रवाना केला. दिवाळीच्या आसपास एक पिकअप गाडी अंगणात येऊन थांबली आणि चार माणसांनी मिळून एक कपाट उतरवलं. कपाटच ते. आपल्या जुन्या टीव्हीची काच असते, तसली ह्याला काच नव्हती. पुढे पडदा, आत एक तिरका आरसा, खाली एक भिंग, आणि भिंगामागे वीतभरही नाही असा एक दिवा. त्या दिव्याचा उजेड आरशावर आणि आरशावरून पडद्यावर. "म्हणजे हो घरातलो सिनेमा," गावातल्या एकाने निकाल दिला. दारातून तो आत येईना. शेवटी बाल्कांवाच्या, म्हणजे पुढच्या बसायच्या ओट्याच्या, बाजूच्या जनेलाचे गज काढून त्याचा गृहप्रवेश झाला. आईने त्याला हळदकुंकू लावलं.

आता भाऊंविषयी सांगायला हवं. भाऊ म्हणजे माझे वडील. आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणायचो, आईसुद्धा तिसऱ्या माणसाशी बोलताना "आमचे भाऊ" म्हणायची. पेडणे-म्हापसा ह्या खासगी बशीवर ते तीस वर्षं कंडक्टर. तिकीट न विचारता देणारा कंडक्टर अशी त्यांची ख्याती होती. माणसाचं तोंड बघितलं की तो कुठे उतरणार, कोणाकडे पाहुणा चाललाय, सुनेशी भांडून निघालाय की लग्नाचं आवतण द्यायला, सगळं त्यांना कळायचं. एखादीने "म्हापसा" म्हटलं तर हे म्हणायचे, "म्हापशाक कित्याक? तुजी भयण धारगळाक न्हय?" आणि बाई लाजून धारगळचं तिकीट घ्यायची. माणसांच्या तोंडांवर जगलेला माणूस तो.

निवृत्त झाले आणि दोनेक वर्षांत त्यांच्या डोळ्यांच्या मध्यभागी डाग आला. पणजीच्या डॉक्टरांनी सांगितलं की पूर्ण अंधार होणार नाही, पण समोरचं नीट दिसणार नाही, कडेचं दिसेल. भाऊ घरात व्यवस्थित वावरायचे. विहिरीवर जायचे, माडाच्या चुडती मोजायचे. फक्त तोंडं दिसायची नाहीत. प्रत्येकाच्या खांद्यावर एक धुकट गोळा. आवाजावरून ते ओळखायचे आणि ओळख पटली नाही तरी तसं दाखवायचे नाहीत. अंगणात कोणी आलं की "काय म्हणतंस?" हा एकच प्रश्न, सगळ्यांना लागू पडणारा. एकदा त्यांनी तो शेजारच्या गाईच्या पाडसाला विचारला. पाडसाने उत्तरही दिलं. आम्ही खूप हसलो, तेही हसले, आणि मग त्या दिवसापासून त्यांनी बाल्कांवात बसणं हळूहळू कमी केलं.

टीव्ही लागला त्या पहिल्या संध्याकाळी बातम्या चालू होत्या. आई, मी आणि भाऊ. भाऊंची कदेल, त्यांची लाकडी खुर्ची, पडद्यापासून चार हातांवर. ते मान कोंबड्यासारखी एका बाजूला वाकडी करून, डोळ्याच्या कडेने बघत होते, आणि बघता बघता म्हणाले, "हिच्या नाकार तीळ आसा."

आम्ही दोघींनी पुढे वाकून बघितलं. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या नाकावर खरंच तीळ होता. तिचं तोंड पडद्यावर सुपाएवढं दिसत होतं, म्हणून तो त्यांना दिसला. जवळजवळ तीन वर्षांनी त्यांना माणसाचं तोंड दिसलं होतं. आईने पदराला हात पुसले आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भाऊ पुढचा तासभर बोलत होते: ह्याची भुवई तुटलेली, हा खोटं बोलतोय, ही रात्री झोपलेली नाही. सगळी बस पुन्हा भरली होती.

दिवाळीपासून माघापर्यंत भाऊ सुखात होते. संध्याकाळी पाचला कदेलीत बसायचे ते जेवणापर्यंत. मालिका बघायचे, पण गोष्टीशी त्यांना देणंघेणं नसे. "ती सासू कट करतेय" असं मी सांगितलं तर म्हणायचे, "करूं दी. तिच्या गालाक खळी कितली बरी पडता बघ." मी तेव्हा पेडण्याला कचेरीत कारकून होते. संध्याकाळच्या बशीने घरी यायचे तर गावातला कोण माणूस कुठल्या नटासारखा दिसतो ह्याची रोज नवी माहिती मिळायची.

काजूच्या मोहोरातून हिरव्या बिया डोकावायला लागल्या आणि एका संध्याकाळी टीव्हीत फट्‌ असा आवाज झाला. आवाज राहिला, चित्र गेलं. काळ्या पडद्याआडून माणसं बोलत राहिली. भाऊ थोडा वेळ तसेच ऐकत बसले आणि मग म्हणाले, "शाणूक सांगून धाड."

शाणूचं दुकान पेडण्याच्या बाजारात, एका पोदेराच्या, पाव भाजणाऱ्याच्या, शेजारी. दुकानात रेडिओ, मिक्सर, टेपरेकॉर्डर, पंखे ह्यांचे सांगाडे, आणि सगळ्याला उंडे पावांचा ताजा वास. साठीचा माणूस, अंगाने काटक, स्वभावाने तिखट. वाल्वचे रेडिओ दुरुस्त करत हात बसलेला. नव्या यंत्रांवर त्याचा राग, कारण ती बिघडली की लोक फेकून देतात. "फेकून दिवपाक कितां, ती केळ्याची साल?" असं म्हणून तो कुठलंही यंत्र घ्यायचा. पण आमच्या टीव्हीची पाठ उघडल्यावर तोही आधी दोन पावलं मागे सरला. मग आत शिरला. बऱ्याच वेळाने बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात अंगठ्याएवढा काळवंडलेला दिवा होता. "दिवो गेलो. बाकी मशीन राजा," तो म्हणाला. हॉटेलात वर्षानुवर्षं जळलेला दिवा, कधीतरी जाणारच. दादाने मुंबईच्या एका दुकानातून दुसरा पाठवायची व्यवस्था केली. आठवड्याने कुरिअर आलं, शाणूने दिवा बसवला, बातम्यांच्या बाईचा तीळ परत जागेवर आला.

पाच आठवडे. शिमग्याची रोमटं नाचतगात गावात फिरत होती, ढोलांचा आवाज वाड्यावाड्यातून येत होता, आणि परत फट्‌.

ह्या वेळी शाणूने डोकं खाजवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात वीज अशी येते की पंखा कधी गरुड तर कधी कासव. "व्होल्टेज," शाणू म्हणाला. त्याने स्वतःच्या दुकानातला एक स्टॅबिलायझर आणून लावला. घरात आता टीव्हीपेक्षा स्टॅबिलायझरचाच आवाज जास्त. आईची वेगळीच शंका. येणारा जाणारा टीव्हीकडे डोळे फाडून बघतो, दृष्ट लागली असणार. तिने मीठ, मिरच्या आणि मोहरी घेऊन टीव्हीची दृष्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, त्यांचा ठसका टीव्हीच्या पंख्याने ओढून घेतला आणि दुसऱ्या बाजूने भाऊंच्या तोंडावर सोडला. भाऊ शिंकत शिंकत म्हणाले, "बाहेर पडली गो ती दृष्ट, माका लागली."

तिसरा दिवा तीन आठवडे चालला.

तोपर्यंत हंगाम ऐन भरात आलेला. आमच्या घरामागच्या भाटात, काजूच्या बागेत, दिवसभर बोंडं पडायची, टप्‌ टप्‌. पलीकडच्या घळीत हुर्राकाची भट्टी लागलेली, तिचा धूर उतरत्या उन्हात आमच्या परसात यायचा. कचेरीतून परतताना बशीत बसलं की प्रत्येक माणसाच्या अंगाला बोंडवाचा वास, कपड्यांवर न जाणारे तपकिरी डाग. सगळा तालुका काजूच्या नादात आणि आमच्या घरात मात्र संध्याकाळी पाच वाजले की भाऊ काळ्या पडद्यासमोर बसून. रिकाम्या कदेलीपेक्षा ती भरलेली कदेल बघवत नसे. मी रेडिओ लावून द्यायचे. ते म्हणायचे, "बरां आसा." बरं काही नव्हतं. नुसता आवाज ऐकणं त्यांना दिवसभर पुरत होतंच, संध्याकाळीही तेच. शेजारचे बाबल येऊन बसले तर त्यांच्याशीही ते धड बोलेनात. मला त्यांच्या त्या शहाणपणाने वागण्याचा राग यायचा. वाटायचं, ओरडा तरी, दादाला शिव्या तरी द्या.

शाणूने ह्या वेळी सगळंच मुळापासून तपासलं. पंखा काढला तर त्याच्या पात्यांवर भट्टीच्या धुराची काजळी बोटभर. ती पुसली. टीव्ही जनेलापासून लांब ओढला. दिव्याला वीज देणारा एक डबा असतो, ट्यूबलायटीला असतो तसा चोक म्हणा, तोही त्याने जुना काढून दुसरा बसवला. मग त्याला स्वतःचाच संशय आला. ह्या दिव्याच्या काचेला बोट लावायचं नसतं, बोटाचं तेल राहिलं तर काच तापून फुटते. आणि काजूच्या दिवसांत आमच्याकडच्या कोणाच्या बोटाला तेल नसतं? बियांचा चीक कातडी सोलतो, पण हात सोडत नाही. शाणूने आईकडून साबण मागून घेतला, तीनदा हात धुतले आणि मुंबईहून आलेला नवा दिवा हातरुमालात धरून बसवला. देवाला नैवेद्य दाखवताना आम्ही इतकं सोवळं पाळत नाही.

पण हा चौथा दिवा शेवटचा होता. मुंबईच्या दुकानदाराने दादाला स्पष्ट सांगितलं होतं: ह्या जातीचे दिवे आता यायचे बंद झाले, हा कपाटाच्या तळाला सापडला म्हणून दिला, पुढे विचारू नका. शाणूने हे भाऊंसमोरच सांगितलं. त्याला लपवाछपवी जमत नसे. भाऊंनी मान डोलावली.

"आता माका एक सांगा," शाणू हत्यारं गोळा करत म्हणाला, "टीव्ही बंद कोण करता?"

"हांव," भाऊ म्हणाले. "जेवचे आदीं. रिमोटान."

"मागीर पंखो फिरता?"

"फिरता. भुर्र करून. मागीर आपसूक थांबता."

"वयनी, तुमी?"

"हांव टीव्हीक हातूय लायना," आई म्हणाली. आणि ते शंभर टक्के खरं होतं.

मी शपथेवर सांगते, आम्ही कोणी खोटं बोललो नाही. आमच्या घरात टीव्ही बंद करायचा तो एकदाच, जेवायच्या आधी, आणि तो भाऊ करायचे. शाणूने विचारलं तेच आम्ही सांगितलं. प्रश्न कुठल्या शब्दात विचारला जातो त्यावर उत्तर अवलंबून असतं हे मला कचेरीत रोज दिसायचं, तरी घरात दिसलं नाही. "तुमची जमीन किती?" म्हटलं की माणूस सांगतो, "जमीन खंयची?" आणि "काजू किती पडतात?" विचारलं की दोन टेकड्यांची नावं घेतो.

शाणू एरवी आमच्याकडे सकाळी यायचा. सकाळी दुकानात गिऱ्हाईक कमी. पण एप्रिल सरत आला आणि त्याच्या स्वतःच्या भाटातल्या बोंडांनी जमीन झाकली. मजूर मिळेनात, म्हणून तो सकाळी खांद्यावर टोपलं आणि टोकाला खिळा लावलेली काठी घेऊन भाटात असायचा. चौथा दिवा बसवून आठ दिवस झाले असतील, चित्र अधूनमधून लुकलुकायला लागलं. भाऊ बोलले नाहीत, पण मी बघितलं. मी दुकानावर निरोप ठेवला आणि त्यामुळे त्या दिवशी, पहिल्यांदाच, शाणू आमच्याकडे संध्याकाळी आला. हातापायांवर ओरखडे, केसांत वाळकं पान, पाठीला पिशवी. टीव्ही चालू होता. त्याने पाठीमागे जाऊन कान लावला, पंख्यापुढे हात धरला, वाकून बघितलं. "सगळां बरां आसा मरे," तो स्वतःशी पुटपुटला. "मग कित्याक?"

बाहेर उन्हं गेली. आई आतून आली. एका हातात निरांजन, दुसऱ्या हाताने वात वर सारत. येताना वाटेत तिने भिंतीवरचं बटण खाली केलं. कट्ट. पडदा काळा झाला, पंखा मध्येच घुसमटून थांबला. आई देवापुढे बसली आणि दिवा लावला. मग तुळशीकडे गेली.

शाणू जिथे वाकला होता तिथेच वाकून राहिला. मग हळूच उभा राहत मला म्हणाला, "हे कितां जालां?"

"तिनसांज झाली," मी म्हटलं.

"रोज असां करतत?"

"रोज. दिवा लागेपर्यंत घरात दुसरा आवाज नको, दुसरा उजेड नको. दिवा लावून, हात जोडून झाले की परत लावते."

"बटणार?"

"बटणावर. रिमोटने तो तांबडा डोळा राहतो ना उघडा. तो तिला चालत नाही."

आई तुळशीकडून परत येत होती. तिचा हात बटणाकडे गेला. "वयनी!" शाणू असा ओरडला की दारातलं मांजर पळालं. "हात काडा थंयसून!"

आई चमकली. "कितां जालां रे तुका?"

"कितां जालां? तुमी आता कितां केलां?"

"दिवो लायलो."

"एक दिवो लायलो आनी दुसरो मारलो! तीन मारले तुमी, हो चवथो!"

"शाणू," आई म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम थंड झाला, "तिनसांजा माज्या घरात दिवो मारलो म्हणूं नाका."

ह्यात आईचं चूक नव्हतं. आपल्याकडे दिवा विझत नाही. दिव्यावर फुंकर मारली तर लहानपणी पाठीत धपाटा बसायचा. दिवा शांत होतो. तेल संपत येतं, ज्योत लहान होते, वातीच्या टोकाला तांबडा ठिपका उरतो आणि मग तोही जातो, आणि तोवर कोणी मध्ये हात घालायचा नाही. आईच्या घरात हा नियम मोडण्याची कोणाची छाती नव्हती. शाणूलाही हे ठाऊक, त्याच्याही घरात तेच. तो ओशाळला. डोक्यातलं वाळकं पान काढून हातात चुरगाळत उभा राहिला, आणि मला वाटतं त्याच क्षणी त्याला सुचलं.

"वयनी, चुकलां," तो म्हणाला. "पूण माका सांगा, देवापुडलो दिवो तुमी फुंकून टाकतत?"

"कदीच ना."

"मगे ह्या गरीबाक कित्याक फुंकतत? हो पूण दिवोच. भितर तापून लाल जालेलो आसता. रिमोटान सांगलां की पंखो ताका वारो घालता, हळूहळू थंड करता, आनी मागीर आपसूक थांबता. तेतूर ताका शांत जावंक मेळता. तुमी भिंतीवयलां बटण पाडतत तेन्ना पंखोच थांबता, दिवो तसोच तापलेलो. आनी घडीभरान परत पेटयतत. तापल्या दिव्याक परत पेटयलां की ताचो जीव जाता."

आई बटणाकडे बघत राहिली. मग टीव्हीकडे. ती टीव्हीला हात लावत नव्हती हे खरंच होतं, आणि तीन दिवे तिनेच घालवले होते हेही खरं. तिने ते कबूल केलं नाही. ती नुसती म्हणाली, "माका कोणे सांगलां ना." आणि देवखोलीच्या उंबऱ्यावर बसली. तिचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. भाऊंना दिसत नव्हता.

आता थांबायचं होतं. शाणूने तास सांगितला. पूर्ण थंड होऊ दे, मग बघू. गेला असेल तर गेला. मी टेबलावरचा पंखा आणून टीव्हीच्या पाठीशी लावला. खोलीत देवापुढचा उजेड तेवढा. बाहेर परसात एक बोंड पडलं, मग दुसरं. थोड्या वेळाने भाऊंनीच विचारलं, "शाणू, गेलोच जाल्यार?"

शाणूने टेबलावरच्या पंख्याचं तोंड जरा खाली वळवलं.

"जाल्यार रेडिओ आसा," भाऊ म्हणाले. "माणसांची तोंडां बघून बघून माणूस कितली बघतलो? तीस वर्सां बघलीं." आणि हसले. आईने उंबऱ्यावरून मान वर केली नाही. मला त्या क्षणी भाऊंना मिठी मारावीशी वाटली होती. मारायला हवी होती. आमच्या घरात ती पद्धत नव्हती आणि आता भाऊच नाहीत. इतक्या वर्षांनी बादलीतल्या बोंडांसमोर उभी राहून मी कधी कधी त्या एका तासाचाच विचार करते.

तास झाला. शाणूने बटण दाबलं, रिमोट भाऊंच्या हातात दिला. "तुमीच लाया." भाऊंनी दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा. अजून काळा. मग आतून एक निळसर उजेड आला, पसरला, पांढरा झाला. दिवा लागला होता.

"जीव आसा!" शाणूने टाळी वाजवली. आईने देवाकडे बघून हात जोडले. त्या दिव्याने पुढे चार हंगाम काढले हे इथेच सांगून टाकते. दुसऱ्या दिवसापासून आई वाती वळायला बसायच्या आधी भाऊंना सांगायची, "ताका शांत करा," भाऊ रिमोट दाबायचे, पंखा थांबेपर्यंत आई थांबायची आणि मगच आपला दिवा लावायची. तांबडा डोळा तिने चालवून घेतला. टीव्ही परत लागायचा तो चांगला अर्ध्या तासाने.

पण त्या संध्याकाळी पडद्यावर उजेड होता आणि चित्र नव्हतं. केबल गेलेली. बोंडांनी वाकलेला एक टेंपो त्याच तासाभरात नाक्यावरची लोंबती तार घेऊन गेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. शाणूला रंग तपासायचे होते. "चित्र बघल्याबगर हांव वचना," तो म्हणाला. त्याने पाठीवरची पिशवी उघडली. कोरगावातल्याच, लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाचा कॅमेरा दुरुस्त करून तो परत द्यायला निघाला होता. पिवळी, पांढरी, तांबडी वायर काढून त्याने कॅमेरा टीव्हीला जोडला, आणि काय दिसतं ते बघायला म्हणून कॅमेरा समोर फिरवला. समोर उंबऱ्यावर आई बसलेली.

पडद्यावर आईचं तोंड आलं. सुपाएवढं काय, दाराएवढं. ती कोणाशी बोलत नव्हती, कोणाकडे बघत नव्हती. कपाळावरचं कुंकू थोडं विस्कटलेलं, नाकात मोत्याची नथणी, डोळ्यांखाली सुरकुत्यांची जाळी.

भाऊ कदेलीत पुढे सरकले. मान वाकडी केली. बराच वेळ बघितलं.

"ही कोण?" ते म्हणाले. "माजी आवय कशी आयली?"

माझी आजी जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती. शाणूला हसू आवरेना. आईने मान वर केली, स्वतःलाच पडद्यावर बघितलं आणि पटकन पदर डोक्यावर ओढला. "बंद कर रे तां!"

त्या हालचालीने भाऊंना ओळख पटली. ते उठले. चार हात होते त्याचे दोन हात झाले. पडद्याच्या अगदी जवळ जाऊन, मान कलती ठेवून त्यांनी कानशिलापासून भांगापर्यंत बघितलं. नंतर ते बोलले ते हळू, पण आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं.

"तुजे केस कदी गो पांढरे जाले?"

आई काहीतरी फटकळ बोलणार असं मला वाटलं. तिच्याकडे अशा वेळी उत्तर तयारच असे. पण तिने पदर तसाच धरून ठेवला आणि पडद्यावरच्या आईनेही धरून ठेवला.

"तीन वर्सां जालीं," ती म्हणाली. "तुमकां दिसना, म्हणून हांवें रंग लावपाचो सोडलो."

शाणूने एकदम पिशवीत काहीतरी शोधायला घेतलं. मी जनेलातून बाहेर बघत राहिले. भाऊ पडद्यासमोरून हलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बशीसाठी निघाले तर आई फाटकापर्यंत आली. भाऊ बाल्कांवात बसले होते, म्हणून तिने आवाज खाली केला.

"पेडण्यातसून येताना केसांक लायचो तो काळो रंग घेवन यो," ती म्हणाली. "एक नको. दोन हाड."